सरावात शहाणा, स्पर्धेत वेडा

प्रश्न : आमचा रोबो सरावात काळी रेषा अचूक धरतो, स्पर्धेच्या टेबलावर मात्र भरकटतो. प्रोग्रॅम तोच आहे. मग बिनसतं कुठे?

उत्तर : प्रोग्रॅम तोच, पण उजेड तोच नाही ना! सेन्सर परावर्तित प्रकाश मोजतो. दिवे बदलले की काळ्या-पांढऱ्याचे आकडेही सरकतात. कॅलिब्रेशन, म्हणजे काळं कोणतं नि पांढरं कोणतं हे सेन्सरला शिकवणं, त्या टेबलावरच नव्याने करा. माझा दुसरा संशय बॅटरीवर. ‘दोन सेकंद पुढे जा’ असा आदेश असेल, तर बॅटरी उतरल्यावर रोबो अलीकडेच थांबणार. वेळेऐवजी चाकांच्या फेऱ्या मोजा. फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबो स्पर्धेत सामना अडीच मिनिटांचा असतो, म्हणून सरावही घड्याळ लावून, सलग करा. आणि आदल्या रात्री कोड ‘सुधारणाऱ्या’ उत्साही गड्याच्या हाती लॅपटॉप देऊ नका. त्याला चाकांवरची धूळ पुसू द्या.