नवोदयला नंबर लागला नाही, म्हणजे मुलगी हुशार नाही का?

"वर्गात कायम पहिली, तरी नवोदयला नाव नाही. म्हणजे आम्हीच तिला उगाच हुशार समजत होतो का?" तासगाव तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला. निकाल लागल्यापासून ती वही उघडायला तयार नव्हती.

आधी निवडीचा हिशेब बघू. पलूसच्या जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, प्रवेश परीक्षेतून भरायच्या सहावीच्या जास्तीत जास्त 80 जागा असतात, त्याही अख्ख्या सांगली जिल्ह्यासाठी. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय आरक्षण. अमुक गुण मिळाले की प्रवेश नक्की, असं इथे नसतं. जागा भरल्या की यादी संपते. त्या यादीत नाव नसणं म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. ही प्रवेश परीक्षा म्हणजे बुद्ध्यांक चाचणीही नाही. तशी चाचणी मानसशास्त्रज्ञ सहसा एकेका मुलाला समोर बसवून घेतात.

मग गुण गेले कुठे? आम्ही तिच्याकडून जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेतली. 2 तास, 80 प्रश्न, प्रत्येकी सव्वा गुण: मानसिक क्षमतेचे 40, अंकगणिताचे 20, भाषेचे 20. पहिल्या भागातल्या आरशातल्या प्रतिमा आणि घडी घालून भोकं पाडलेला कागद, या दोन प्रकारांत ती अडकली. तासाभरात संपवायच्या भागाला तिने दीड तास घेतला. अंकगणित घाईत झालं, आणि भाषेचे शेवटचे 10 प्रश्न कोरेच राहिले. म्हणजे साडेबारा गुण गेले, तेही तिच्या सगळ्यात आवडत्या विषयात! या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी "येत नसेल तर सोडून दे" ही वर्गातली सवय तिने इथेही पाळली. मधला एक प्रश्न सोडल्यावर उत्तरपत्रिकेवरचे पुढचे चार गोलही एक ओळ वर रंगवले गेले होते.

यात हुशारीचा प्रश्नच नाही. शाळेत असे आकृत्यांचे प्रश्न फारसे येत नाहीत, म्हणून डोळ्याला सवय नसते. तिला चौकोनी कागद दिला, दोनदा घडी घालून कोपऱ्यात पंचने एक भोक पाडायला लावलं आणि उघडण्याआधी भोकं कुठे दिसतील ते काढायला सांगितलं. पहिल्यांदा तिने दोनच काढली. उघडल्यावर चार निघाली. मग ती स्वतःच नव्या घड्या घालायला लागली. निकालानंतर पहिल्यांदाच तिने आपणहून पेन्सिल हातात घेतली होती, आणि आमच्या दृष्टीने ही खूण गुणांपेक्षा मोठी आहे.

आईला एवढंच सांगितलं, की ताई, महिनाभर घरात नवोदयचा विषय नको आणि क्लासही बदलू नका. रोज 15 मिनिटं अशी कोडी पुरेत.

सहावीची नवोदय परीक्षा एकदाच देता येते. पण पुढे बरंच आहे. सहावीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिथे लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही बघतात. आठवीत एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आणि नवोदयच हवं असेल तर आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. तिथे गणित आणि विज्ञान प्रत्येकी 35 गुणांना, हिंदी आणि इंग्रजी प्रत्येकी 15. आकृत्यांचा स्वतंत्र भाग नाही.