डायरेक्ट-इनडायरेक्ट आणि सातवीतलं एक वाक्य

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येऊ लागते. “मॅडम, बाकी ग्रामर करते हो ती, डायरेक्ट-इनडायरेक्ट आलं की गाडी अडते.” नाशिकचा गंगापूर रोड असो, सिडको असो की निफाड-पिंपळगावहून एसटीने आलेले पालक असोत, शब्दसुद्धा तेच. दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हं काढून आपल्या वाक्यात सांगायचं, एवढाच हा प्रकार, आणि इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात त्याला गुण अगदी मोजके. पण मुलं रडकुंडीला येतात ती इथेच. शिकवणी लावून झालेली असते, तक्ता पाठ असतो आणि तरीही पेपरात हात थांबतो. ही तक्रार इतक्यांदा ऐकली की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. एका मुलीची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सायली मराठी माध्यमात दहावीला. वडील अंबडच्या एका कारखान्यात कामाला, आई घरी शिवणकाम करते. पहिल्या भेटीत आईच बोलत होती. मी वही मागितली. एका पानावर वाक्य होतं: राम सेड टू हरी, “आय ॲम टायर्ड.” खाली सायलीचं उत्तर: राम टोल्ड हरी दॅट ही इज टायर्ड. ‘इज’खाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली.

“इथे ‘इज’ का लिहिलंस गं?”

“राम दमलेलाच आहे ना मॅडम अजून.”

मला हे उत्तर फार आवडलं. यात आळस नाही, मठ्ठपणा तर नाहीच. ती मराठीत बरोबर विचार करत होती. आपण म्हणतो, “राम म्हणाला की तो दमलाय.” म्हणाला भूतकाळात, दमलाय वर्तमानात, आणि कुणाला काही खटकत नाही. उलट “तो दमला होता” म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, आधी कधीतरी दमला होता, आता बरा आहे. मराठी बोलणाऱ्याचे शब्द बहुतेक जसेच्या तसे उचलून आणते. इंग्रजीत मात्र बातमी सांगणारा आज जिथे उभा आहे तिथून सगळं मोजतो. रामचं बोलणं मागे पडलं, म्हणून त्यातला काळही एक पायरी मागे सरकतो. ‘ॲम’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. हे कारण मुलांना कुणी सांगत नाही. हातात तक्ता मिळतो, आणि कारणाशिवायचा तक्ता परीक्षेच्या हॉलमध्ये हमखास दगा देतो.

सायलीला मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला. राम-हरीही नकोत. “तुझ्या घरात काल कोण काय बोललं, ते सांग.” आजी विचारते, जेवलीस का? त्याचं तिने इंग्रजी केलं, “हॅव यू ईटन?”, आणि मग जरा थांबून लिहिलं: ग्रँडमदर आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन. बाबा म्हणतात, फोनला हात लावू नकोस. फादर टोल्ड मी नॉट टू टच द फोन. दोन्ही बरोबर. आजी आणि बाबा तिला डोळ्यांसमोर दिसत होते, त्यामुळे कुणी कुणाला म्हटलं, प्रश्न होता की दटावणी, हे शोधायला तिला नियम आठवावाच लागला नाही.

पुढचे काही आठवडे असेच गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. ती सुधारत होती. पण प्रत्येक बरोबर उत्तरानंतर एक वाक्य पुटपुटायची: “तसं माझं इंग्लिश वीकच आहे.” आई घरी हेच म्हणते, वडील म्हणतात “आमच्या घराण्यात कुणाला इंग्रजी आलंय?” वडिलांच्या पिढीने मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलं, २०००पासून ते राज्यात पहिलीपासून आलं. मुलं पहिलीपासून शिकतात, पण धास्ती मात्र पाचवीवाल्यांची घेऊन.

एका भेटीत मी म्हटलं, “हे ‘आय ॲम वीक इन इंग्लिश’ वहीत लिही. हे वाक्य कुणाचं?”

“माझंच.”

“पहिल्यांदा कोण म्हणालं?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “सातवीत. सर पेपर वाटत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘यू आर वीक इन इंग्लिश.’”

“मग हे डायरेक्ट स्पीच झालं. कर इनडायरेक्ट.”

तिने लिहिलं: सर टोल्ड मी दॅट आय ॲम… आणि पेन थांबलं. ‘ॲम’ खोडून तिने ‘वॉज’ लिहिलं. सर टोल्ड मी दॅट आय वॉज वीक इन इंग्लिश. मग तिनेच विचारलं, “मॅडम, युनिव्हर्सल ट्रुथ असेल तर काळ बदलत नाही ना?”

“नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे कुणीही कधीही सांगितलं तरी तसंच राहतं. हे वाक्य त्यातलं आहे का?”

ती हसली. पहिल्यांदाच. “नाही. हे सरांचं आहे. सातवीतलं.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, घडलेली आहे. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा हट्टी विचार जास्त छळतो, हे या पद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मी रोज समुपदेशनाच्या खोलीत खरं होताना पाहते. पण असा विचार वादाने हलवायला मुलाला फार कष्ट पडतात. इथे व्याकरणानेच ते काम केलं. ‘वॉज’ लिहिल्याने सरांचं म्हणणं खोटं ठरत नाही, आज ते खरं नाही असंही सिद्ध होत नाही. एवढंच होतं की ते वाक्य एका माणसाचं, एका दिवसाचं होतं, आणि त्याची जबाबदारी बोलणाऱ्याकडे जाते. सायली तीन वर्षं दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हं काढून स्वतःचं म्हणून वापरत होती. ही जोडणी मला त्या दिवशी सापडली. त्यानंतर अनेक मुलांसोबत मी ती वापरली आहे, आणि ती उपयोगी पडते हे मी खात्रीने सांगते.

आता पालकांसाठी. मूल या प्रकारात अडत असेल तर काळाचा तक्ता शेवटी घ्या. आधी विचारा, कोण कुणाला बोललं आणि आता सांगतंय कोण? सर्वनामं तिथेच सुटतात. मग विचारा, साधं सांगणं, प्रश्न की आज्ञा? प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’ आणि ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’; ‘व्हाय’, ‘व्हेअर’ असतील तर तेच जोडशब्द होतात, आणि वाक्याची रचना साध्या विधानाची होते, प्रश्नचिन्ह जातं. आज्ञेला ‘टू’, नकाराला ‘नॉट टू’. काळ सर्वांत शेवटी. वाक्यं घरातली घ्या, रोज जेवताना एक पुरे.

मुलाला ‘गो’चं ‘वेन्ट’ आणि ‘गॉन’च येत नसेल, तर अडचण इनडायरेक्टची नाही, क्रियापदांची रूपं आधी पक्की करा. आणि मराठी वाचता-लिहितानाही तसाच त्रास होत असेल, अक्षरं गाळली जात असतील, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. बोर्डाच्या सवलती त्यासाठीच आहेत, पण प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या जानेवारीपर्यंत थांबू नका.

सायली अजूनही घाईत ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ करायला विसरते. तेवढं सरावाने जाईल. तिच्या वडिलांना मात्र मी पुढच्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, एकट्यालाच बोलावलं आहे.