आधी आई पाहावी, मग पिल्लू

प्रश्न : मेन कून या मांजराच्या जातीच्या एका पिल्लाचे छायाचित्र पाहताक्षणी मनात भरले. विक्रेत्याशी आतापर्यंत केवळ संदेशांतून बोलणे झाले आहे. आणखी दोघे जण घ्यायला तयार आहेत, तेव्हा निम्मी रक्कम आजच पाठवा, असे तो म्हणतो. काय करावे?

उत्तर : आज काहीही पाठवू नका. ज्याने पिल्लू स्वतःच्या घरात वाढवलेले असते, त्याला ते कोणाच्या हाती पडणार याची काळजी असते. त्यामुळे घाई झालीच तर घेणाऱ्याला होते, देणाऱ्याला सहसा होत नाही. छायाचित्रावरून शोध घेण्याची सोय इंटरनेटवर आहे, ती आधी वापरा. तेच पिल्लू वेगवेगळ्या नावांनी अनेक ठिकाणी विकायला ठेवलेले आढळले, तर पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही. मात्र काही सापडले नाही म्हणून विक्रेता खरा ठरत नाही.

त्यानंतर व्हिडिओ कॉलचा आग्रह धरा आणि आधी टिपून ठेवलेली चित्रफीत खपवता येणार नाही, अशा रीतीने तो करा. तुम्ही ऐनवेळी सांगाल तो शब्द कागदावर लिहून पिल्लाशेजारी ठेवायला सांगा, मग पिल्लाला उचलून त्याचे पोट दाखवायला सांगा आणि त्याची आई व भावंडे त्याच खोलीत आहेत का, ते पाहा. खऱ्या ब्रीडरला, म्हणजे जातिवंत मांजरांची पैदास करणाऱ्याला, याला पाच मिनिटेही लागत नाहीत. भामटा मात्र कॅमेरा बिघडल्याचे सांगतो आणि विषय पुन्हा पैशांकडे वळवतो. विसार दिला की पाठोपाठ प्रवासाच्या पिंजऱ्याचे पैसे, मग विम्याचे, मग वाटेत अडकलेल्या पिल्लाला सोडवण्याचे, अशी मागण्यांची रांग लागते. प्रत्येक रक्कम नंतर परत मिळेल असे सांगितले जाते आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देत राहतो. गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो चलनातून पैसे मागितले गेले, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

प्रश्न : विक्रेत्याने नोंदणीचे प्रमाणपत्र पाठवले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पडताळणीची सुरुवात करण्यापुरते पुरेसे आहे. जातिवंत मांजरांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या प्रमुख संस्था मोजक्याच आहेत : अमेरिकेत १९०६ मध्ये स्थापन झालेली कॅट फॅन्सियर्स असोसिएशन, ब्रिटनमधील १९१० ची गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी, युरोपात १९४९ मध्ये सुरू झालेला फिफे हा महासंघ आणि १९७९ ची द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन अर्थात ‘टिका’. प्रमाणपत्रावर ज्या संस्थेचे नाव असेल तिला किंवा तिच्या सदस्य संघटनेला कॅटरीचे (ब्रीडरच्या पैदास केंद्राचे) नाव आणि आईवडिलांचे नोंदणी क्रमांक कळवून थेट विचारणा करावी. संस्थेचा पत्ता मात्र स्वतः शोधावा. बनावट कागदावरचा दूरध्वनी क्रमांकही बनावट असू शकतो आणि पलीकडून उत्तर देणारा त्याच टोळीतला निघू शकतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट करायला हवी. नोंदणी म्हणजे जन्माची आणि वंशाची नोंद. पिल्लू निरोगी असल्याची किंवा ब्रीडर सचोटीचा असल्याची ती हमी नव्हे. ‘कागदांसह घेतल्यास किंमत बरीच जास्त’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा, कारण पिल्लांच्या नोंदणीचा खर्च त्यांच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. याउलट, या पिल्लापासून पैदास करू नये अशी अट करारात असणे हे जबाबदारीचे लक्षण आहे.

प्रश्न : ‘आईवडिलांच्या सर्व तपासण्या झाल्या आहेत’ असे ब्रीडर सांगतात. नेमके काय मागावे?

उत्तर : ‘सर्व तपासण्या’ हा शब्दप्रयोग ऐकला की कोणत्या तपासण्या, कोणत्या मांजराच्या आणि केव्हा, हे तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक जातीचे दुखणे वेगळे असते. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात गाठी वाढण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याला कारणीभूत जनुकीय दोष २००४ मध्ये सापडला आणि तो आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी आजार होतो. म्हणून दोघांचेही अहवाल पाहावे लागतात. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो. त्यासंबंधीचे दोष अनुक्रमे २००५ आणि २००७ मध्ये ओळखले गेले, परंतु जनुकीय चाचणी फक्त तो एक ज्ञात दोष शोधते. ती निर्दोष आली तरी मांजराला पुढे हृदयविकार होऊ शकतो. म्हणून पैदाशीच्या मांजरांची हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागते आणि चांगले ब्रीडर ती करतात. अहवालावर त्या मांजराचे नोंदणीकृत नाव आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक असलाच पाहिजे, अन्यथा तो अहवाल कोणत्याही मांजराचा असू शकतो.

लसीकरणाच्या पुस्तिकेबाबतही हेच. माझ्याकडे तपासणीसाठी आणलेल्या एका पिल्लाच्या पुस्तिकेत सर्व नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या होत्या आणि कुपीवरचे एकही लेबल चिकटवलेले नव्हते. त्याच पानावरच्या जन्मतारखेशी ताडून पाहिले, तेव्हा पहिली लस पिल्लू अवघे एकोणीस दिवसांचे असताना दिल्याचे दिसले! ही लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात. ते पिल्लू जंतांनी पोट फुगलेले आणि तापाने मलूल झालेले होते.

प्रश्न : स्कॉटिश फोल्ड जातीचा विश्वासू ब्रीडर कसा शोधावा?

उत्तर : माझा सल्ला स्पष्ट आहे : दुमडलेल्या कानांचे मांजर घेऊ नये. या जातीची मूळ मांजरी १९६१ मध्ये स्कॉटलंडमधील एका शेतावर सापडली. कान दुमडणारा जनुकीय दोष केवळ कानापुरता राहत नाही, तो सर्व शरीरातील कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक हाड, बिघडवतो आणि त्यातून कमीअधिक तीव्रतेची, कायमची सांधेदुखी होते. ब्रीडर कितीही मनापासून काम करणारा असला तरी हे टळत नाही. गोल चेहऱ्याची आवड असेल तर ब्रिटिश शॉर्टहेअरचा विचार करावा.

प्रश्न : सात आठवड्यांचेच पिल्लू नेले तर अधिक लळा लागतो, आणि याचे डोळे निळेच राहतील, असे सांगितले जात आहे. खरे आहे का?

उत्तर : दोन्ही विधाने चुकीची आहेत. जबाबदार ब्रीडर बारा-तेरा आठवड्यांपूर्वी पिल्लू देत नाहीत, कारण चावण्याला आवर घालणे आणि इतर मांजरांशी वागणे ही शिकवण आई आणि भावंडांकडूनच मिळते. माणसांची सवय लागण्याचा मोलाचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतो. म्हणजे लळा लावण्याचे काम ब्रीडरच्या घरीच झालेले असायला हवे. डोळ्यांचे म्हणाल तर मांजरांची पिल्ले निळ्या डोळ्यांनीच जन्मतात आणि खरा रंग सहासात आठवड्यांनंतर उतरू लागतो. सयामीसारख्या जातींत निळा रंग टिकतो, इतरांत बहुधा नाही.

प्रश्न : संसर्गाच्या भीतीने ब्रीडरने घरी येऊ दिले नाही. संशय घ्यावा का?

उत्तर : लगेच घेऊ नये. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या घातक आजाराचा विषाणू बुटांवरून, कपड्यांवरून येऊ शकतो आणि वातावरणात अनेक महिने टिकतो. त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत पाहुण्यांना आत न घेणे समजण्यासारखे आहे. परंतु लसीकरणानंतरही तुम्हाला रस्त्यावर किंवा वाहनतळावर भेटायला बोलावले जात असेल, तर नकार द्या.

घरी गेल्यावर आधी आई पाहावी. दूध पाजलेल्या मांजरीची स्तनाग्रे ठळक दिसतात आणि त्यांच्याभोवतीचे केस झडलेले असतात. दाखवायला आणलेली दुसरीच मांजरी असेल तर ते कळून येते. मूत्राचा डोळ्यांना झोंबणारा वास, पिल्लांचे चिकटलेले डोळे, माणसाची चाहूल लागताच सगळ्यांनी कोपऱ्यात दडणे, यांतले काहीही दिसले तर परत फिरा. दयेपोटी ते पिल्लू विकत घेऊ नका, कारण त्याच्या रिकाम्या जागी लवकरच दुसरे जन्माला घातले जाते. तुमच्या घरात कोण आहे, खिडक्यांना जाळी आहे का, असे प्रश्न ब्रीडरने विचारले तर रागावू नये. तो आपले काम नीट करत आहे.

प्रश्न : पैसे पाठवून झाले आणि विक्रेता आता उत्तर देत नाही. काही करता येईल का?

उत्तर : तासाभराचाही विलंब न करता बँकेला कळवून व्यवहार रोखण्याची विनंती करा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. संदेश, पावत्या, जाहिरात, खाते क्रमांक यांतले काहीही पुसू नका. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे थोड्या शुल्कात परत मिळवून देतो’ असा संदेश येण्याची शक्यता आहे. तो पाठवणारे बहुधा तेच लोक असतात किंवा तुमचे नाव त्यांच्याकडून विकत घेतलेले असतात. त्याला उत्तर देऊ नका, पण तोही तक्रारीला जोडा.