आयटीआय झाल्यावर कामावर कोणी ‘गुरू’ लागतोच का? आणि असा माणूस शोधायचा कसा?

प्रश्न विचारणाऱ्यानं लिहिलंय की तो आयटीआय टर्नर (लेथ मशीनवर धातू कातणारा) आहे, एका कंपनीत नुकताच अप्रेंटिस म्हणून लागलाय आणि घरचे सांगतायत, ‘कोणीतरी जुना माणूस धरून राहा.’ माझ्या पुतण्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून तू म्हणतो.

लागतो. मी आज भोसरीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग करतो. मी जो काही आहे तो एका माणसामुळे आहे, आणि त्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो.

2001 साली विट्याकडच्या गावातून आलो. आठ माणसांचं वर्कशॉप, तीन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग. सगळ्यात जुना टर्नर म्हणजे अण्णा. ते स्वतः टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) अप्रेंटिसशिप करून आलेले. पहिले दोन महिने माझ्याशी फारसे बोललेच नाहीत. फक्त रोज सकाळी माझ्या शर्टाच्या बाह्यांकडे बघायचे. बाही खाली असली की मशीन चालू करू द्यायचे नाहीत. एकदा थंडीत मी हातमोजे घातले, ते त्यांनी काढून कचऱ्यात टाकले. चक म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) पकडून फिरवणारा भाग. फिरत्या चकपाशी हातमोजा म्हणजे हात गेलाच.

तिसऱ्या महिन्यात मला रात्रपाळीला ईएन-8 या जातीच्या स्टीलचे शाफ्ट दिले. बेअरिंग बसायच्या जागेचं माप 50.002 ते 50.018 मिलिमीटर, म्हणजे हातात फक्त 16 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जॉब थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पंप बंद पडलेला, मी तसंच काम चालू ठेवलं. कट मारला की लगेच मायक्रोमीटर लावायचो, 50.01 आलं की खूश. असे 18 शाफ्ट काढले आणि मशीन पुसून झोपायला गेलो. सकाळी तपासणीत सगळे 49.99. माप जास्त निघालं असतं तर अजून एक कट मारता आला असता. कमी झालेल्या शाफ्टला परत माल कुठून चढवणार? अठराच्या अठरा भंगारात.

मालक पगारातून कापायचं म्हणाले, आणि बरंच काही म्हणाले. अण्णा मध्ये पडले. ‘पंप बंद आहे हे मला संध्याकाळी दिसलं होतं, पोराला सांगायचं माझं राहिलं,’ एवढंच बोलले. नंतर जेवणाच्या सुट्टीत मला बोलावून एक नवा शाफ्ट लावला, पंप मुद्दाम बंद ठेवून कट मारला आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. 50.03. शाफ्ट काढून सरफेस प्लेटवर (मापायच्या सपाट जाड पाटावर) ठेवला आणि मला चहाला घेऊन गेले. अर्ध्या तासानं परत मापायला लावलं. 50.01.

‘जॉबला ताप येतो रे. ताप उतरल्याशिवाय मापायचं नाही.’

स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. 50 मिलिमीटरचा जॉब 40 अंशांनी तापला की 23 मायक्रॉन मोठा दिसणार. हे पुस्तकात होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं आणि मार्कही मिळाले होते. पण शाफ्ट हातात घेऊन कोणी दाखवेपर्यंत ते मला येत नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे.

त्यानंतर अण्णांनी हातचं काही राखलं नाही. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलला धार लावताना ठिणग्यांचा रंग बघायला शिकवलं, टूल निळं पडायच्या आत पाण्यात बुडवायला शिकवलं. कोऱ्या व्हाउचरवर सही करायची नाही हे सांगितलं. ‘पीएफ कापतात ना, मग नंबर माग,’ म्हणून मला ऑफिसच्या दारापर्यंत नेऊन उभं केलं. कॉट बेसिसवर राहायची जागा आणि उधारी लिहून ठेवणारी खानावळ त्यांनीच बघून दिली. 2003 मध्ये एके दिवशी म्हणाले, ‘इथलं तुझं शिकून झालं. आता सीएनसीवर जा.’ स्वतः एका ओळखीच्याला फोन केला. मी गेल्यावर त्यांच्या मदतीला कोणी उरलं नव्हतं, तरीही.

आता मामांचं सांगतो. त्या वर्कशॉपमध्ये मला मामांनी लावलं. मालकाशी त्यांची ओळख होती. त्यानंतर वर्कशॉपकडे ते एकदाही फिरकले नाहीत. पण वीस-बावीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, जागरण-गोंधळात एकच वाक्य: ‘ह्याला मी लावला.’ मी 2003 मध्ये नोकरी बदलली तेव्हा आईला फोन करून म्हणाले, ‘माझी इज्जत घालवली.’ अण्णांनी ज्या दिवशी मला पुढे पाठवलं, त्याच दिवशी मामांनी मला बेइमान ठरवलं. आईसुद्धा त्यांचंच ऐकते. भावावर विश्वास टाकणार नाही तर कोणावर टाकेल? पण मी तिला दर वेळी सांगतो की गेटपर्यंत आणणारा आणि मशीनपाशी उभा राहणारा यांत फरक आहे. वशिला एका फोनमध्ये संपतो. शिकवायला रोज वेळ द्यावा लागतो, आणि तो स्वतः दिवसात किती पीस काढायचे त्या हिशोबातून जातो.

कायद्यातही हे आहे बरं का. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात मालकावर जबाबदारी टाकली आहे की शिकाऊ मुलाच्या प्रशिक्षणासाठी पात्र माणूस नेमायचा. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. आठ माणसांच्या शॉपमध्ये तो माणूस म्हणजे कोणीतरी अण्णाच, त्याचा पगार कोणी वेगळा देत नाही. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना 8,000 रुपये सरकारकडून ठरले. मुलांच्या हातात पैसे आले हे चांगलंच झालं. पण त्या मुलाला शिकवायला जो थांबतो, त्याचं काय? त्याच्या नावानं एक रुपयाही नाही.

शोधायचा कसा, हे विचारलंस. शोधून सापडत नाही. शॉपमध्ये ज्याचं रिजेक्शन (तपासणीत बाद होणारा माल) सगळ्यात कमी, त्याच्या आजूबाजूला राहा. चिप साफ कर, टूल हातात दे, आणि दिवसाला एकच प्रश्न विचार, तोही मशीन बंद असताना. स्वतःची चूक तुझ्यासमोर कबूल करतो का ते बघ. जो म्हणतो ‘मी आहे ना, तू फक्त माझं ऐक,’ त्याच्यापासून लांब राहा. आणि अप्रेंटिस कायद्याखाली असलास तर पीएफ-ईएसआय (कामगार विमा) लागू नसतं, त्यावरून कोणाशी भांडू नकोस. ते अप्रेंटिसशिप संपून नोकरीला लागल्यावर बघायचं.

दोन गोष्टी राहिल्या. अण्णांचं सगळंच बरोबर नव्हतं. ते भिशीत पैसे टाकायला सांगायचे, ते मी ऐकलं नाही आणि बरं झालं. दुसरं, वर्कशॉपमध्ये येणाऱ्या मुलींना असा अण्णा सहज मिळत नाही. माझ्या शिफ्टला दोन मुली आहेत. कोणी त्यांना जवळ उभं करून शिकवलं की चार लोक बघत बसतात, म्हणून शिकवणारेच मागे सरतात. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी दोघींना एकत्र शिकवतो, दिवसा, सगळ्यांसमोर.

आणि हो, मामा नसते तर मी त्या गेटच्या आत गेलोच नसतो. हे मी मान्य करतो, त्यांच्यासमोरही केलंय. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, नातवाला कुठं लावता येईल का म्हणून. सोमवारपासून पाठवा म्हणालो. पहिला महिना सीएनसीला हात लावू देणार नाही हेही सांगितलं. आधी ग्राइंडरवर टूलला धार लावायला शिकेल, मग जुन्या लेथवर एक शाफ्ट काढेल, गरम असताना मापेल, आणि आम्ही दोघं चहाला जाऊ.