‘बघते’ म्हणजे नेमके केव्हा?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि महापे येथील एका कंपनीत काम करते. वर्षभरापासून आमचा गट एका जर्मन ग्राहकाचे काम सांभाळतो. जपानमधील एक लहान कामही माझ्याकडे आहे. मध्यंतरी जर्मन सहकाऱ्याने एका त्रुटीबद्दल विचारले, तेव्हा मी इंग्रजीत ‘हो, बघते’ अशा अर्थाचे उत्तर पाठवले. दोन दिवसांनी बैठकीत त्याने सर्वांसमोर ‘तुम्ही शब्द पाळला नाही’ असे सुनावले. मी तर शब्द दिलाच नव्हता! उलट जपानी मंडळी प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणतात आणि काम मंजूर मात्र करीत नाहीत. मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावावा का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वर्ग लावण्याची घाई करू नका. तुमचे इंग्रजी पुरेसे असावे. अडचण आहे ती त्या इंग्रजीच्या पोटात चाललेल्या मराठीची. ‘बघते’ हे मराठी उत्तर विचारणाऱ्याचा मान राखते, प्रश्न पोहोचल्याची पावती देते आणि मुदतीचे बंधन तेवढे अंगावर घेत नाही. सोसायटीच्या सचिवांनी गळतीबद्दल ‘बघतो’ म्हटले, म्हणून आपण गळतीखालची बादली लगेच उचलत नाही, कारण त्या शब्दाचे वजन आपण त्यांचा स्वर, चेहरा आणि मागच्या पावसाळ्याचा अनुभव यांवरून ठरवतो. तुमच्या जर्मन सहकाऱ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. त्याच्यापुढे फक्त एक वाक्य होते आणि त्या वाक्यात ‘हो’ होते.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये या फरकाची मांडणी केली. काही समाजांत सांगण्याचा बराचसा भाग प्रसंगात, नात्यात आणि मौनात असतो, तर काहींत तो शब्दांतच मांडावा लागतो, असे त्यांचे म्हणणे; जपानी लोकांना त्यांनी पहिल्या टोकाकडे ठेवले, जर्मनांना दुसऱ्या. (अशी मापे सबंध देशाला लावताना मी स्वतः जरा बिचकतो. पुणेकर आणि नागपूरकर यांना एकाच रकान्यात बसवून पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल.) तरीही तुमच्या प्रसंगाला ही मांडणी लागू पडते. पुढच्या वेळी ‘गुरुवारी दुपारपर्यंत कारण शोधते आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील ते तेव्हा कळवते’ असे लिहा. आपल्या कानांना हे कोरडे वाटेल. पण ‘या आठवड्यात जमणार नाही’ हेसुद्धा पहिल्याच दिवशी सांगितले, तर त्याला ते उद्धटपणाचे नव्हे, सोयीचे वाटण्याची शक्यता अधिक आहे. त्याचे सर्वांसमोर बोलणे तुम्हाला लागले, हे स्वाभाविक आहे. तेथील अनेक कार्यालयांत मात्र कामावरची टीका माणसावरची मानली जात नाही, एवढे ध्यानात ठेवून तो विषय सोडून द्यावा.

‘आपण’ या शब्दावरही लक्ष ठेवा. मराठीत ‘आम्ही’मधून समोरचा वगळला जातो आणि ‘आपण’मध्ये तो सामावतो; शिवाय ‘आपण हे एकदा तपासून घ्यायला हवे’ असे म्हणत आपण पुष्कळदा ते काम समोरच्यालाच सौम्यपणे सांगत असतो. इंग्रजीत या सगळ्यासाठी एकच ‘वी’ आहे. मग बैठक संपल्यावर ते काम पोरके राहते आणि दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत बसतात. म्हणून प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहावी.

वेळही आकड्यांत लिहावी. जर्मनमध्ये ‘हाल्ब द्राय’, म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’, हे अडीच वाजताचे सांगणे आहे, तर ब्रिटिश बोलण्यात ‘हाफ थ्री’ म्हणजे साडेतीन. गंमत अशी, की आपला ‘अडीच’देखील संस्कृतातील ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे अर्ध्या तिसऱ्यावरूनच आला आहे. वेळ १४.३० अशी लिहून शेजारी भारतीय वेळही द्या, कारण जर्मनीशी आपला फरक तेथील उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो.

जपानी मंडळींच्या बाबतीत मात्र तुमचा मराठी कानच कामी येईल. त्यांचे ‘हाय’ हा दर वेळी होकार नसतो. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो, तसे ते अनेकदा केवळ ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगते. ‘विचार करून पाहू’ अशा अर्थाचे ‘केन्तो शिमासु’ हे व्यवहारात बरेचदा नकाराचे सभ्य रूप असते, म्हणजे आपले ‘बघू’च. तेव्हा भर बैठकीत ‘मंजूर आहे का?’ असे विचारून त्यांना कोंडीत पकडू नका. संबंधित व्यक्तींशी आधी एकेकट्याने बोलून मत जुळवून घेण्याची तेथे रीत आहे. तिला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड हलवण्यापूर्वी मुळांभोवतीची माती मोकळी करणे, हा तिचा मूळ अर्थ. बैठकीच्या चार दिवस आधी मसुदा पाठवा आणि ‘यात काय बदलले तर अधिक सोयीचे होईल?’ असे विचारा. होय-नाहीच्या प्रश्नापेक्षा या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे सोपे असते.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात उत्तर प्रदेशातून आलेले एक वयोवृद्ध शेजारी आहेत. मी त्यांच्याशी हिंदीत ‘तुम’ म्हणून आदरानेच बोलतो, तरी ते दुरावले आहेत. परवा ते म्हणाले, की त्यांचा नातू परीक्षेसाठी ‘चेष्टा’ करतो आहे, आणि मला हसू आवरले नाही. माझे काय चुकले?
– एक निवृत्त वाचक, ठाणे

उत्तर : मनात ‘तुम्ही’ होते आणि तोंडून ‘तुम’ गेले, एवढेच. मराठीतील ‘तुम्ही’ वडीलधाऱ्यांनाही चालते. हिंदीत त्याच्या जोडीचे दिसणारे ‘तुम’ बरोबरीच्यांसाठी किंवा लहानांसाठी असते आणि वडीलधाऱ्यांना ‘आप’च म्हणावे लागते. मुंबई-ठाण्याच्या हिंदीत ‘तुम’ खपून जाते, त्यामुळे आपल्याला ते कधी खटकत नाही. ‘चेष्टा’ची गत त्याहून अवघड आहे : मराठीत ती थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘शिक्षा’ही तशीच, हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. नातवाच्या कष्टांवर तुम्ही हसलात, असे त्यांना वाटले असणार. तो खुलासा लांबणीवर टाकू नका. चहाला बोलवा, दोन्ही शब्दांची हकिगत सांगा आणि ‘आप के पोते की परीक्षा कैसी रही?’ येथून बोलणे सुरू करा.