फोनवर जे विचारतात, ते वेबसाईटवर आधी लिहा

या महिन्यात वेबसाईटबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. दोन लांबलचक होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ताई, वेळणेश्वरला आमचा चार खोल्यांचा होम-स्टे आहे. पुतण्याच्या ओळखीने वेबसाईट करून घेतली. उघडली की लाटांचा व्हिडिओ, मग ‘निसर्गाच्या कुशीत आपलं सहर्ष स्वागत’. बघणारे छान म्हणतात. पण बुकिंग फोनवरूनच होतं, तेही तेच तेच प्रश्न विचारून झाल्यावर. मग एवढा खर्च कशासाठी केला?

उत्तर : खर्च वाया गेलेला नाही, पण तो व्हिडिओ आधी काढा. वेळणेश्वरला समुद्र आहे हे माहीत आहे म्हणूनच माणूस तुमच्याकडे आलाय. तुम्ही पाठवलेली लिंक मी मोबाईलवर उघडली. व्हिडिओ पूर्ण उतरेपर्यंत बाकी पान पांढरंफटक होतं, आणि माझ्याकडे तरी सांगलीतलं बरं नेटवर्क होतं. चिपळूण सोडून तुमच्याकडे वळलेल्या गाडीत बसून कोणी पत्ता शोधत असेल तर त्याचं काय होत असेल?

तेच तेच प्रश्न येतात म्हणून तुम्ही वैतागलात, पण वेबसाईटचा मजकूर त्यातच आहे. फोनपाशी वही ठेवा आणि पंधरा दिवस प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. कोकणातल्या घरगुती राहण्याच्या जागांच्या वेबसाईटची कामं मी केली आहेत, त्यामुळे वहीत काय येणार याचा अंदाज सांगू शकते. समुद्र चालत किती लांब? गाडी अंगणापर्यंत येते का? मासे घरात करता की बाहेरून आणता, आणि शाकाहारी माणसाचं जेवण वेगळ्या भांड्यांत होतं का? लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का? कुत्रा आणला तर चालेल का? आणि हळू आवाजात, बहुधा बाईकडून : संडास खोलीलाच लागून आहे ना, कमोड आहे ना, सासूबाईंचे गुडघे दुखतात.

हा शेवटचा प्रश्न होम-स्टेच्या वेबसाईटवर मला क्वचितच सापडतो. सगळ्यांना लाज वाटते. तुम्ही सरळ लिहा : ‘तीन खोल्यांत कमोड, एका खोलीत भारतीय पद्धतीचं शौचालय. अंगणातून खोलीत यायला दोन पायऱ्या.’ (आकडे तुमचे घाला.) आणि न्हाणीघराचा एक स्वच्छ, उजेडातला फोटो टाका. सूर्यास्ताचे नऊ फोटो आहेत तिथे, त्यातले आठ काढले तरी चालतील. फोटो मोबाईलमधून काढला तसाच चढवू नका. तो तीन-चार एमबीचा असतो. दोनशे केबीच्या आत आणला तरी पडद्यावर फरक कळत नाही.

‘कसे याल’ या पानावर नुसता नकाशा आहे. तुमच्याकडे लोक तीन दिशांनी येतात, त्या तिन्ही लिहा. रेल्वेने येणारा चिपळूणला उतरणार. दापोलीकडून येणाऱ्याला दाभोळ–धोपावे फेरीबोट लागणार, गणपतीपुळ्याकडून येणाऱ्याला जयगड–तवसाळ. फेरीबोटीत गाडी चढते हेच पुष्कळ पुणेकरांना माहीत नसतं, ते अख्खा वळसा घालून येतात आणि पोचल्यावर तुमच्यावर चिडतात. शेवटची फेरी किती वाजता सुटते तेही लिहा आणि हंगामाप्रमाणे बदलत राहा.

आणि दर. ‘दरासाठी संपर्क साधा’ हे वाचून माझ्यासारखी बाई पुढचं घर बघते. मे महिन्याचा, दिवाळीचा आणि एरवीचा असे तीन दर लिहा, जेवण धरून की सोडून तेही लिहा. फोन नंबर सध्या तुमच्या बॅनरच्या चित्रात आहे. बोट लावून काही होत नाही. तो टाईप केलेला हवा, म्हणजे दाबला की फोन लागतो. बुकिंग फोनवरच झालं तर होऊ दे. अनोळखी घरी मुक्कामाला जाताना माणसाला एकदा आवाज ऐकायचा असतो, तो हक्क त्याचा आहे. वेबसाईटने फक्त तो फोन पाच मिनिटांत संपवायचा.

प्रश्न : आमचं कोल्हापुरी चपलांचं तिसऱ्या पिढीचं काम आहे. मुलाला ऑनलाईन विक्री सुरू करायची आहे. तो म्हणतो, ‘फक्त २ जोड शिल्लक’, ‘ऑफर १० मिनिटांत संपेल’ असं घड्याळ लावलं की विक्री वाढते. मला ते पटत नाही, पण आजच्या काळात असंच चालतं म्हणे. दुसरी भीती मापाची. चप्पल परत आली तर?

उत्तर : मुलाला सांगा, घड्याळ खोटं असेल तर ते नियमातही बसत नाही. ग्राहकांना फसवणाऱ्या अशा मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असे तेरा प्रकार दिले आहेत, आणि खोटी घाई लावणं हा त्यांतलाच एक. न विचारता टोपलीत जादा वस्तू घालणं आणि किंमत शेवटच्या पानावर वाढवणं हेही त्यात आहे. खरोखर दोनच जोड उरले असतील तर जरूर लिहा. हाताने केलेल्या मालात असं होतंच.

आता माप, कारण खरं दुखणं तिथे आहे. कोल्हापुरी घेताना माणूस दुकानात काय करतो? पाय घालतो, चार पावलं चालतो, म्हणतो ‘अंगठा घट्ट वाटतोय’, आणि तुम्ही म्हणता ‘दोन दिवसांत सैल पडेल’ किंवा ‘थांबा, दुसरा जोड देतो’. हा संवाद वेबसाईटवर आणायचा आहे. सात नंबर, आठ नंबर एवढ्याने तो येत नाही. प्रत्येक कंपनीचा आठ वेगळा. ग्राहकाला सांगा : कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावून उभे राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. पाऊल रुंद असेल तर व्हॉट्सॲपवर त्या कागदाचा फोटो पाठवायला सांगा. तुमच्या वडिलांनी कागदावर पाय आखूनच मापं घेतली असतील. तेच आहे, फक्त कागद पोस्टाने न येता फोनवर येतो.

मग जे दुकानात तोंडी सांगता ते प्रत्येक जोडाखाली लिहा. तळ किती जाड, कातडं कशाचं, बाजूचे कान शिवलेले कसे, वेणी हाताची आहे का. सुरुवातीला चावते, तेलाचं बोट कुठे फिरवायचं. पावसात घालू नका. हे लिहिलं तर विक्री कमी होईल असं मुलाला वाटेल. पण जुलैत भिजवून वास मारणारी चप्पल परत पाठवणारं गिऱ्हाईक तुम्हाला नकोच आहे.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मिरवल्या, तेव्हा जी ओरड झाली तिच्यामुळे हे पुष्कळांना नव्याने कळलं. तुमच्या पानावर मात्र मानांकनाचा शिक्का मोठा आणि कारागीर गायब असं नको. पाटावर बसून तळ कापणाऱ्या हातांचा एक फोटो, खाली गाव आणि कोणती पिढी, एवढं पुरे. स्वतःच्या वेबसाईटवरून विकणार तर दुकानाचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रार कोणाकडे करायची आणि माल परत घेण्याच्या अटी हे सगळं सहज दिसेल असं ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांची ती अपेक्षा आहे. आणि अटी वकिली भाषेत नकोत. ‘माप चुकलं तर एकदा बदलून देऊ, कुरिअर निम्मं तुमचं निम्मं आमचं’ हे वाचून माणूस पैसे भरतो.

प्रश्न : मी डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करून विकते. काही ऑर्डरी परदेशातून येतात. वेबसाईट मराठीत ठेवावी की इंग्रजीत? आत्ता मराठी आहे, पण अक्षरं कशी सुटी सुटी दिसतात.

उत्तर : दोन्हींत ठेवा. चकली मागवणारी काकू मराठी वाचेल. न्यू जर्सीत बसलेला तिचा नातू रोमन अक्षरांतच शोधेल. पदार्थांची नावं दोन्ही लिप्यांत हवीत.

सुट्या अक्षरांचं कारण मी पाहिलं. डिझायनरने शीर्षकाला इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषाच तुटते. ‘अनारसे’ हा शब्द चाळणीतून गाळल्यासारखा दिसतोय. त्याला सांगा, अंतर शून्य कर आणि ओळींमधली जागा वाढव, वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतायत. पानाची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवायलाही सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर श आणि ल आपल्या वळणाचे येतात. एक परीक्षा तुम्हीच करा : वेबसाईटवरची ओळ बोटाने निवडून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. भलतीच चिन्हं उमटली तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही, आणि शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. निवडताच आली नाही तर ते चित्र आहे. दोन्ही बाद.

बाकी : तूप की वनस्पती, किती दिवस टिकेल, पाकिटाचं वजन, परदेशासाठी ऑर्डरची शेवटची तारीख, आणि तुमचा अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक. तारीख सगळ्यात वर. दिवाळी झाल्यावर ती काढायला विसरू नका.

प्रश्न : डिझायनर फोन उचलत नाही. वेबसाईटचं नाव त्याच्याच नावावर आहे असं आता कळलं. काय करू? (हार्डवेअर दुकानदार, बार्शी)

उत्तर : भांडू नका, आधी नूतनीकरणाची तारीख शोधा. वेबसाईटच्या नावाची, म्हणजे डोमेनची, माहिती इंटरनेटवर ‘हू-इज’ शोधात मिळते; मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी मुदत संपण्याची तारीख आणि कोणत्या कंपनीकडे नोंद आहे ते दिसतं. तुम्ही पैसे दिल्याच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी, त्याच्याशी झालेलं चॅट गोळा करा. मग त्याला लेखी कळवा की डोमेन माझ्या ईमेलच्या खात्यात हलवून द्या, हलवण्याचा खर्च मी देतो. बहुतेक जण एवढ्यावर देतात. त्यांनाही ते ओझंच असतं. नाही दिलं तर पावत्या घेऊन वकील गाठा, आणि तोवर दुकानाची गूगलवरची नोंद स्वतःच्या ईमेलने ताब्यात घ्या. ती फुकट आहे, आणि बार्शीत कोणाला पाईप हवा असेल तर तो तिथेच आधी बघतो.