वाचक विचारतात : बालीची मिरवणूक

प्रश्न : न्येपीच्या आदल्या संध्याकाळची ओगोह-ओगोहची, म्हणजे राक्षसांच्या पुतळ्यांची, मिरवणूक बघून दुसऱ्या दिवशी परतीचं विमान पकडता येईल का?

उत्तर : अजिबात नाही. न्येपी हा बालीच्या शक वर्षाचा पहिला दिवस, मौन पाळण्याचा. सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६ विमानतळ, रस्ते, दुकानं सगळं बंद, मोबाइल डेटासुद्धा. हॉटेलबाहेर पडलात तर पेचालांग, म्हणजे गावचे पहारेकरी, परत धाडतात. खाण्याची सोय आदल्या दुपारीच करा. तारीख त्या वर्षाचीच बघा. ती गुढीपाडव्याशी जुळेलच असं नाही.

मिरवणुकीत चौकातच खरी गंमत. तिथे बांबूच्या चौकटीवरचे राक्षस गरागरा फिरवतात. चौकट माणसांसकट वळते, म्हणून चौकाच्या कडेला नको, एखाद्या उंच पायरीवर उभे राहा.